हक्कसोडीची साडी

"पप्पा, अठराव्या वाढदिवसाला मला काय देणार?"

हा प्रश्न विजयश्रीचा नव्हताच. बारावीच्या वर्गात शाहीन आणि भाग्यश्रीनं पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव! शाहीनला खात्री होती, स्कूटी मिळणार. भाग्यश्री म्हणाली, "कसली स्कूटी! डोळे वटारतील नुसते." आणि दोन वर्षांपूर्वी हजेरी द्यायलाही जिला घाम फुटायचा, त्या विजयश्रीनं पोह्यांची बशी हातात धरून ठणकावून विचारलंसुद्धा.

उद्धवराव हसले. "साडी घिऊ की! पैठणी."

"पैठणी? मला? आई, ऐकलंस ना? साक्षीदार आहेस तू!"

सुमनताईंनी कढईवरून मान वर केली नाही.

साडी वाढदिवसाच्या सकाळी आली. मोरपंखी. विजयश्रीनं ती खांद्यावर टाकून आरशासमोर चार गिरक्या घेतल्या, ज्ञानेशदादाकडून फोटो काढून घेतले आणि पदर सावरत मागं आत्याकडे पळाली.

पुनावळ्यातल्या त्यांच्या घरामागं कंपनीत जाणाऱ्या भाडेकरूंच्या दहा खोल्या होत्या. त्यांच्या शेवटी पत्र्याची एक खोली, ती शालनबाईंची, म्हणजे आत्याची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि भाडेकरूंचे संडास-जिने धुऊ लागली. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर विजयश्रीलाही आजवर वाटलं नव्हतं.

आत्यानं साडीवरून हात फिरवला. "मलाबी दिली व्हती गं. हिरवी. अंगठा उठवला त्या दिशी."

"कसला अंगठा?"

"हक्कसोडीचा. बापाच्या रानात माझा वाटा न्हाई म्हनून. भाऊ म्हनला, माहेर हाय की तुला." आत्या पत्र्याकडे बघून हसली. "हाय की. बघ ना."

विजयश्रीचा पदर कधी खाली घसरला, तिला कळलंच नाही.

जेवणं झाल्यावर उद्धवरावांनी कागद पुढं ठेवले. "सोमवारी रजिस्टर ऑफिसात जायचं. हायवेकडचं वाडवडिलांचं रान बिल्डरला चाललंय. त्याचा वकील म्हनतो, पोरीची हक्कसोड पायजे. तू अठराची व्हायचीच वाट बघत व्हतो."

"म्हणजे साडी त्याची होती? वाढदिवसाची नव्हती?"

"एकच की गं."

"आणि दादा? त्याचीही हक्कसोड घेणार का?"

"आता पोरगं आन् पोरगी एक हाय व्हय? तुला शिकवतोय, लग्नबी थाटात करू. अजून काय पायजे? भावकीत तोंड दाखवायचंय मला."

ज्ञानेश हळूच म्हणाला, "विजू, मी काय परका आहे का गं?"

नव्हताच तो परका. तिच्या क्लासबाहेर रोज गाडी लावून उभा राहणारा, तिच्या तापात रात्र जागणारा दादा. तो वाईट असता तर भांडायला किती सोपं गेलं असतं! इथं सगळे प्रेमानंच मागत होते, आणि प्रेमानं मागणाऱ्याचा हात झटकायचा कसा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

ती आईमागं स्वयंपाकघरात गेली. सुमनताई ओटा पुसतच बोलल्या, "मीपण केली सही. नाही केली तर भाऊ तोंड फिरवतील, असं वाटलं."

"मग आता येतात मामा?"

ओटा केव्हाच स्वच्छ झाला होता. तरी सुमनताई पुसतच राहिल्या.

अशी एखादी साडी तुमच्याही घरच्या कपाटात असेल. ती कशाबद्दल मिळाली होती, एकदा विचारून बघा.

रविवारी दुपारपर्यंत विजयश्रीनं ते कागद तीनदा वाचले. मग तिनं आईपप्पांना समोर बसवलं. वर्गात खणखणीत लागणारा तिचा आवाज पार चिरकला होता. उद्यापासून पप्पा आपल्याशी बोलणार नाहीत, दादा मान वळवून जाईल आणि सौदा मोडला तर सगळं गाव आपल्यालाच बोल लावेल, हे तिला दिसत होतं. त्यातलं काहीच तिला थांबवता येणार नव्हतं.

"पप्पा, आई, मी ठरवलंय. यात लिहिलंय, 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.' आत्याला हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मला वाचता येतं. आणि मी खूश नाहीये, पप्पा. म्हणून उद्या मी सही करणार नाही."