तेरा तऱ्हांचा काठ

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं, टेकलं की डोळा लागतो. आज सांगतो ती गोष्ट देवळातली आहे आणि गणिताचीही आहे. घाबरू नका, आकडे तेरापर्यंतच जातात.

सोलापुरात एकोणीसशे चौतीस साली मुकुंद मास्तर होते. शाळेत गणित शिकवत आणि घरी आल्यावर स्वतःचं गणित मांडत बसत. त्या वर्षी त्यांचा एक निबंध कलकत्त्याच्या मासिकात छापून आला. ज्या आत्यानं, सोजरबाईनं, साळ्याच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून त्यांना वाढवलं, तिनं त्या मासिकाला हळदकुंकू वाहून ते देव्हाऱ्यात ठेवलं. शेजारणी विचारत, "भाच्यानं काय शोधलं, आत्याबाई?" ती म्हणे, "देवाला ठावं."

आता तिला दोरा दिसेनासा झाला होता. रामनवमी झाली की मोहोळला भावकीत राहायला जाणार होती. बोचकं बांधता बांधता ती सहज बोलली, "तितंबी इचारतील, मुकुंदा. न्हाय सांगता आलं तर न्हाय. पर सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं."

मास्तर टोपी घालून तसेच बाहेर पडले.

सात रस्त्याजवळच्या राममंदिरात नवमीचं कीर्तन रामहरीबुवांचं असे. मास्तरांनी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं.

"मग सांगा की आत्याला," बुवा म्हणाले.

"बुवा, ते सांगण्यासारखं नाही. सगळ्या हिंदुस्थानात वाचणारे वीस जण."

"वीस? माझ्या कीर्तनाला चाळीस असतात आणि त्यातले वीस झोपलेले. तुमचे तरी जागे असतात का?"

मास्तर हसले. "सोपं केलं की खोटं होतं, बुवा."

"मी ब्रह्म सांगतो, मास्तर. ते काय सोपं आहे? पण ऐकणाऱ्याच्या हाताला आधी टाळी द्यावी, मग तत्त्व. नवमीला पूर्वरंग संपला की माझ्या जागी उभे राहा. फक्त बाराच्या आत आटपा, रामजन्म तुमच्यासाठी थांबणार नाही."

नवमीला देऊळ गच्च भरलं. बुवा बाजूला झाले आणि मास्तर नारदाच्या गादीवर उभे राहिले. त्या जागेवरून खोटं बोलत नाहीत, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"चार मात्रांची जागा आहे," ते म्हणाले. "आखूड टाळी एका मात्रेची, लांब टाळी दोन मात्रांची. ही जागा किती तऱ्हांनी भरेल? ऐका."

त्यांनी टाळी दिली मात्र, अवघ्या देवळानं टाळी दिली. कीर्तनाला बसलेली माणसं ती. झांजा वाजल्या, मृदंगावर महादेवप्पानं लय धरली आणि रामनामाचा गजर उसळला. मास्तर हात हलवून थांबा म्हणत होते. लोकांना वाटलं, वाढवा म्हणताहेत.

गजर ओसरला तेव्हा बाराला दहा मिनिटं उरली होती. मास्तर गादीवरून उतरायलाच निघाले.

"मुकुंदा," बायकांच्या बाजूनं आवाज आला, "टाळ्या ऱ्हाऊ दे. लुगड्याचा काठ धर."

सोजरबाई उभी होती. बुवा म्हणाले, "बोला, आत्याबाई."

"चार बोटांचा काठ हाय. बारीक पट्टी एका बोटाची, जाड दोन बोटांची. असंच की?"

"असंच," मास्तर म्हणाले.

"मग शेवटाला बारीक घातली तर मागं तीन बोटं ऱ्हातात. जाड घातली तर दोन. तीन बोटांचे काठ किती?"

"तीन."

"आन् दोनाचे?"

"दोन."

"म्हंजे चाराचे पाच. ह्यात हाय काय?"

मास्तर परत गादीच्या मधोमध आले. हीच किल्ली त्यांनी निबंधाच्या पहिल्या पानावर इंग्रजीत ठेवली होती.

"पाच बोटांचे, आत्या?"

"पाच आन् तीन, आठ."

"सहाचे?"

आता बायकांची अख्खी बाजू बोलली, "तेरा."

"वाजव रे महादेवप्पा," बुवा म्हणाले. महादेवप्पानं सहा मात्रांच्या तऱ्हा एकेक करून मृदंगावर काढल्या, लोक बोटांवर मोजत राहिले. तेरावी संपली, चौदावी काही सापडेना, तेवढ्यात शंख वाजला. बारा झाले होते. पाळणा हलला, गुलाल उडाला.

सुंठवडा हातावर घेत सोजरबाईनं विचारलं, "एवढंच व्हय तुझं गणित?"

"हे तर जुन्या लोकांनाही ठाऊक होतं, आत्या. माझं ह्याच्या पुढचं आहे. पण त्याचं मूळ हेच."

"मग पुढचं पुढल्या नवमीला सांग. मी मोहोळास्नं येते. आन् लई आखडतं घेऊ नको, समजतंय आमाला."

मोहोळला पहिल्याच दिवशी कुणीसं विचारलं तेव्हा तिनं पदराचा काठ पसरला आणि बोटं टेकवून सांगायला बसली.

तुमच्या हातावर सुंठवडा पडेल, तेव्हा तोंडात टाकण्याआधी या सोजरबाईची एकदा आठवण करा.