नखाएवढा तुकडा

आजोबांच्या जुन्या स्पोर्ट्स कारमधला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपाचा प्लॅस्टिकचा जोड नातीने जरा ओढला, तर तो बिस्किटासारखा तुटला.

"आजोबा, मोडला!"

"मोडतो म्हणूनच तर बदलतोय, बाळ. तुकडे फडक्यावर जुळव."

तिने जुळवले. कडेला नखाएवढी जागा रिकामी राहिली. आजोबा गंभीर झाले. तो तुकडा इंजिनात गेला तर पाणी अडणार, आणि इंजिन तापून कामातून जाणार.

रबरी पाइपात काही नव्हतं. नातीने जोड बसतो त्या इंजिनाच्या तोंडात टॉर्च मारला. आत काळी कड दिसली. जरा धक्का लागला असता तर ती खोल गेली असती.

आजोबांनी चिमटा पुढे केला.

"तुम्ही काढा ना. माझा हात थरथरतोय."

"माझा तर रोजच थरथरतो. तूच काढ, सावकाश."

तिने श्वास रोखला.

फडक्यावरची रिकामी जागा भरली, तेव्हाच आजोबांनी धातूचा नवा जोड तिच्या हातात दिला.