मागच्या बाकाखालचा खर्ज

मित्रांनो, सामोआ बेटावरच्या एका लाकडी बसमध्ये, मागच्या बाकाखाली बसवलेली स्पीकरची जुनी पेटी आहे मी. बावीस वर्षं दणादण वाजून आता अगदी दमले आहे. सांधे कुरकुरतात, रंग कधीच उडाला. पण सांगायचं तेवढं सांगून टाकते.

मला घडवलं तानिएलू सुतारानं. आधी स्पीकर नुसताच एका फळीवर लटकत होता. मागून निघालेला खर्ज पुढून निघालेल्या खर्जाला गिळून टाकायचा. कानावर यायची नुसती किरकिर. तानिएलूनं जाड फळ्यांची पेटी केली, फटी बुजवल्या आणि समोर मुद्दाम एक गोल भोक ठेवून त्यात नळी बसवली. नळी जरा कापायची, वाजवून बघायचं, पुन्हा कापायची, असा दिवसभर बसला. "पोट मोठं हवं आणि गळा मापात," तो म्हणायचा. आतली हवा त्या गळ्यातून ये-जा करू लागली आणि खर्ज असा घुमला की बायका ओरडल्या, "अगंबाई, बाकडंच थरथरतंय की!" लोक आधीची बस सोडून आमच्यासाठी थांबायचे.

पुढे तानिएलूला ऐकू येईनासं झालं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांची जागा पुढे; पण हा दर बुधवारी मागे येऊन बसे आणि तळवा माझ्यावर टेकवी.

"आजोबा, पुढे या हो! लोक मला नावं ठेवतील," चालक पेसामिनो हातानं खुणावून विनवी.

"ठेवू देत. मला गाणं इथूनच कळतं."

गर्दीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात, मग सामान ठेवणार कुठे? एकदा कुणीतरी केळीच्या पानात गुंडाळलेला मासा माझ्या भोकात खुपसला आणि विसरून गेलं. तीन दिवस बसमध्ये नाक धरून बसावं लागलं. वैतागून पेसामिनोनं भोकावर फळी ठोकली. माझा खोल सूर गेला, उरली कोरडी थापथाप. "पेटी म्हातारी झाली. रविवारच्या जेवणाच्या भट्टीला सरपण होईल," तो म्हणाला. खरं सांगू? मला बरंच वाटलं, इतकी थकले होते.

बुधवारी तानिएलूनं तळवा ठेवला. उचलला. दुसरा ठेवला.

"पेसामिनो, पोरा, आता माझे हातही बहिरे झाले रे," असं म्हणून तो उठला आणि गुपचूप पुढच्या मानाच्या जागेवर जाऊन बसला.

पेसामिनोनं बस तिथेच थांबवली. म्हाताऱ्याला हाताला धरून मागे आणलं आणि खाली मान घालून ती फळी दाखवली.

"गाढवा! गळा आवळलास तिचा, आणि वर तिलाच म्हातारी म्हणतोस?"

दोघांनी मिळून खिळे उपटले. गाणं लागलं. म्हाताऱ्याचा तळवा थरथरला आणि तो रडायला लागला. मलाही भरून आलं.

वाजताना सगळे सांधे दुखतात, पण सरपण व्हायची घाई आता राहिली नाही. पेसामिनो हल्ली स्वतःच हाक मारतो, "आजोबा, मागे या!" मित्रांनो, माझ्या भेगा दिसल्या तर खुशाल बुजवा, खिळे सैल झाले तर ठोका. तेवढं एक भोक मात्र मोकळं राहू द्या. बुधवारी म्हातारा यायचा असतो.