डावीकडची सीट

चौऱ्याहत्तरच्या पुराची रेघ लिस्मोर गावातल्या प्रत्येक जुन्या दुकानाच्या भिंतीवर आहे. कोणी रंगाने ओढलेली, कोणी पितळेची पट्टी ठोकलेली. तिच्या वर पाणी चढत नाही, ही तिथल्या माणसांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. पावसाने जोर धरला की ती सामान उचलतात, रेघेच्या वर रचतात आणि निवांत चहा टाकतात. क्लेम टियर्नीनेही तेच केलं. एकाहत्तर वर्षांचा जाणता माणूस, सारा जन्म गाड्यांच्या सीटा शिवण्यात गेलेला. त्याने दुकानात उभ्या असलेल्या आपल्या जुन्या हिरव्या गाडीची पुढची डावी सीट खोलली, शिडीवरून माळ्यावर चढवली, रेघेच्या दोन हात वर, आणि बायकोला म्हणाला, "बघ नोलीन, गावात सगळ्यात उंच जागा तुझी."

पाणी रेघेच्या दोन मीटर वर गेलं.

दोघांना छपरावरून शेजाऱ्याच्या पत्र्याच्या होडीत उतरवून घेतलं. सीट तीन दिवस गाळात राहिली.

एका सीटचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्याने नोलीनची संध्याकाळ पाहिलेली नाही. पाच वर्षांपासून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. ऊन उतरलं की ती कासावीस व्हायची. "मला घरी जायचंय" म्हणत घरातच दारं वाजवत फिरायची. मग क्लेम तिला हाताला धरून त्या गाडीत नेऊन बसवायचा. गाडीचं इंजिन सहा वर्षांपूर्वीच मेलेलं, पण तिला त्याचं काही नव्हतं. त्या सीटचं कातडं ब्याऐंशी साली त्याने कापलेलं आणि तिने शिवलेलं. तेव्हा दुकानातलं मशीन तीच चालवायची, आणि तिच्यासारखी सरळ शिवण नदीच्या दोन्ही काठांवर कोणाची नव्हती. बसली की तिचा हात आपोआप पुढच्या कडेच्या शिवणीवर जायचा. टाका न् टाका बोटाने मोजत जायची, कातड्याचा वास घ्यायची, आणि पाच मिनिटांत निवायची.

"बॅलिना आलं का रे?" ती विचारायची. तिला वाटायचं, दोघं समुद्रावर चाललीत.

"अजून दोन वळणं," क्लेम म्हणायचा.

आता दोघं टेकडीवरच्या शाळेच्या हॉलमध्ये होती, दीडशे माणसांत दोन खाटांवर. संध्याकाळ झाली की नोलीन लोकांच्या अंगावरची पांघरुणं ओढून "माझी गाडी कुठे नेलीत?" म्हणून रडायची. बुधवारी तिला धरायला आलेल्या नर्सला ती चावली. त्या रात्री मुलीचा, टॅन्याचा, दूरच्या टूवूम्बाहून फोन आला.

"डॅड, शनिवारी मी आईला न्यायला येतेय. इथे वृद्धांच्या घरात जागा मिळालीय. एकच आहे."

"मी सांभाळतो तिला."

"कुठे? खाटेवर?"

"सीट दुरुस्त झाली की गप्प बसेल ती. तू पाहिलंयस ना."

टॅन्या म्हणाली, "ठीक आहे. शनिवारी ती त्या सीटवर शांत बसली, तर मी एकटी परत जाईन. माझा शब्द."

भिजलेल्या कातड्याला घाई चालत नाही, हे क्लेमइतकं कोणाला ठाऊक होतं? आधी गाळ गोड्या पाण्याने काढायचा. खोळ उसवून वेगळी करायची. मग सावलीत, वाऱ्याला, जाड टॉवेलांवर पसरून ठेवायची. रोज थोडं तेल, रोज चारी बाजूंनी हाताने ताण. दहा दिवस. हाताखालच्या माणसांना तो सांगायचा, "कातडं उन्हात टाकलंस तर त्याच कातड्याने बडवीन." एकाला तर त्याने याच कारणासाठी उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं, आणि नोलीननेच मध्ये पडून त्याला परत आणलं होतं.

दहा दिवसांच्या कामाला त्याच्याकडे दोन दिवस होते.

गुरुवारी त्याने दुकानातला गाळ फावड्याने बाजूला ओढला, एक कोपरा धुतला आणि खोळ उसवली. आतला फोम कुजल्यासारखा हातात आला. गावात वीज नव्हती, मशीन गाळाखाली गेलं होतं. होतं ते एक दाभण, मेणाचा दोरा आणि कोणी देणगीत दिलेला तेलाचा डबा. हवा इतकी दमट की दिवसभरात कातडं तसूभरही सुकलं नाही. शुक्रवारी सकाळी कडेला बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. ते त्याने फडक्याने पुसले. बुरशी पुसता येते, वास पुसता येत नाही. आणि नोलीन वासावरच जगत होती.

अकराच्या सुमाराला ऊन पडलं. आठवड्यातलं पहिलं.

क्लेम दारात उभा राहून त्या उन्हाकडे पाहत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माणसाची जात. त्याने खोळ उचलली आणि समोरच्या पत्र्यावर पसरली. एक तास, फक्त एक तास, असं त्याने स्वतःला बजावलं. घड्याळ समोर ठेवून भिंतीला टेकून बसला. चार रात्री तो झोपला नव्हता. डोळा कधी लागला, कळलंच नाही.

जागा झाला तेव्हा तीन वाजले होते.

खोळ उन्हात विसरलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती. त्याने ती हातात घेतली तर ती कडकडली. तो तिथेच खाली बसला आणि रडला. रस्त्यातून माणसं ओली गादी, फ्रीज, पियानो ओढत कचऱ्याच्या ढिगावर टाकत होती. म्हातारा का रडतोय, हे विचारायला कोणाला सवड नव्हती, आणि विचारावं असंही काही नव्हतं. त्या आठवड्यात सगळेच कुठे ना कुठे बसून रडत होते.

मग तो उठला. करणार काय? तेल कोमट करून घासलं, गुडघ्यात धरून ताणलं, पुन्हा घासलं. बोटांची सालं निघाली. हॉलमधून आणलेल्या फोमच्या गादीतून सीटपुरता तुकडा कापला. खोळ वर चढवली. मागून बसली, बाजूंनी बसली. पुढच्या कडेला मात्र, जिथे नोलीनचा हात असायचा बरोब्बर तिथे, शिवणीच्या दोन कडा मिळेनात. दोन बोटांचं अंतर. त्याने सीटच्या पाठीमागच्या खिशाचं कातडं काढून एक पट्टी मध्ये घातली आणि शनिवारी सकाळी उजेड आल्यावर हाताने शिवली. टाके वाकडे पडले.

गाडीत अजून गाळ होता. त्याने सीट दुकानाच्या दारात दोन विटांवर ठेवली आणि नोलीनला आणायला गेला.

नऊ वाजता दोघं आली. टॅन्या आधीच पोचली होती, रस्त्यापलीकडे गाडीला टेकून उभी. तिने वडिलांचे हात पाहिले आणि मान वळवली.

"बस, नोलीन," क्लेम म्हणाला. "तुझी जागा."

नोलीन बसली नाही. वाकून तिने सीटचा वास घेतला. मग तिचा हात पुढच्या कडेवर गेला. तिचं बोट टाक्या-टाक्याने सरकत पट्टीपाशी आलं आणि थांबलं. तिचा चेहरा एकदम जागा झाला, कित्येक महिन्यांत झाला नव्हता तसा.

"हे कोणी शिवलं?"

"मी."

"उन्हात ठेवलं होतंत ना?"

"पाण्याने गेलं ते," क्लेम म्हणाला.

"खोटं बोलू नका. कातडं सांगतं सगळं." तिने पट्टी नखाने दाबून पाहिली. "या वयात नवीन कामाला लागलात वाटतं. क्लेमने बघितलं का हे?"

"नाही," क्लेम म्हणाला. "अजून नाही बघितलं."

"मग नशीब तुमचं." ती वळली आणि सीटवर ऐसपैस बसली. हात मांडीवर घेतले. "तो येईपर्यंत मी इथून हलत नाही. मीच बोलते त्याच्याशी. तोंडाचा फटकळ आहे, पण माझं ऐकतो. घाबरू नका."

आणि ती खरंच शांत बसली. अर्धा तास झाला, तास झाला. रडणं नाही, उठणं नाही. फक्त रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत होती. मध्ये एकदा खोकली, तेव्हा क्लेमने आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला. "आभारी आहे," ती परक्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली.

टॅन्या जवळ आली. "बसली, डॅड," ती हळूच म्हणाली. "मी शब्द दिलाय. मी जाते."

क्लेमला हेच हवं होतं. याच एका वाक्यासाठी त्याने हातांची सालं काढली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. ऊन उतरेपर्यंत पाहील. मग क्लेम येणार नाही, आणि हॉलमधल्या खाटेशी तिला हाताला धरून न्यायला एक अनोळखी म्हातारा येईल. तो रोज येईल. ती रोज त्या म्हाताऱ्याला घाबरेल.

"थांब, टॅन्या," तो म्हणाला. मग नोलीनसमोर गुडघ्यांवर बसला. "मॅडम, एक सांगायचं राहिलं. क्लेम टूवूम्बाला गेलाय. ही बाई तिकडेच निघालीय, गाडी घेऊन."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" नोलीन ताडकन उठली. पदर सावरावा तशी तिने कोटाची कड सावरली आणि टॅन्याच्या गाडीकडे चालायला लागली. टॅन्या तोंडावर हात दाबून बापाकडे पाहत राहिली.

गाडीत बसल्यावर नोलीनने काच खाली केली. "ऐका," तिने क्लेमला बोटाने जवळ बोलावलं. "ती पट्टी काढून टाका. मी त्याला उन्हाचं सांगत नाही. पाण्याने गेलं म्हणून सांगीन. पण तो यायच्या आत पुन्हा शिवून ठेवा, सरळ."

"ठेवतो," क्लेम म्हणाला.

गाडी वळणाआड गेली. तो दुकानात आला, दाभण शोधलं, सीटसमोर खाली बसला आणि पहिला टाका उसवायला घेतला.