नव्या गाडीत फुसाएला झोप लागते

नवी गाडी आली आणि फुसाए गप्प झाली. तोकुजी मियाइरीचं दुखणं एवढंच होतं. बाकी गाडीत नाव ठेवायला जागा नव्हती.

जुनी त्याने सव्वीस वर्षं चालवली होती. तांबडी, दोनच सीटा, कापडी टप. दुसरा गियर टाकायचा तर आधी त्याची मनधरणी करावी लागे. थंडीत काच खाली करायचा दांडा हातात येई. पावसात टपाच्या शिवणीतून पाणी नेमकं फुसाएच्या गुडघ्यावर ठिबके, म्हणून ती मांडीवर टॉवेल घेऊनच बसे. नवी गाडी त्याच कंपनीची, त्याच नावाची, चौथी पिढी. टप एका हाताने मागे जातो, क्लच पायाला जाणवतसुद्धा नाही, सीट कमरेला शेक देते. घाटातल्या वळणावर जुनी अंग टाकून द्यायची, ही ताठ कण्याने वळते. बहात्तराव्या वर्षी माणसाने आणखी काय मागावं?

पण तोकुजीला जे हवं होतं ते नेमकं जुन्या गाडीबरोबर निघून गेलं होतं.

त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्यातली बहुतेक त्याने उएदाच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजण्यात घालवली. केसाएवढी चूक त्याच्या डोळ्यांतून सुटत नसे, आणि हे तो चारचौघांत सांगायलाही चुकत नसे. घरी मात्र त्याचे तीन शब्द ठरलेले: जेवण, आंघोळ, झोप. फुसाएही मोजकंच बोलणारी. दोघं निवृत्तीनंतर दिवसभर एका छपराखाली असत आणि संध्याकाळपर्यंत दहा वाक्यं झाली तर खूप. शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन तोरी घाट चढे. वरच्या दुकानात भाजी भरलेली गरम ओयाकी खायची आणि उतरायचं. ती शेजारी बसे, तीही मुकाट्यानेच.

आणि दोन वर्षांपूर्वी अचानक ती बोलायला लागली. घरात नाही, फक्त गाडीत. "अहो, तिकडे बघा ना, पर्सिमन किती लगडलेत!" "अगंबाई, ती पिवळी छत्री बघितलीत का?" "तो बगळा बघा, कसा साहेबासारखा उभा आहे." तिने म्हणावं, तोकुजीने मान वळवून बघावं, आणि दोघांनी हसावं. घाट चढून उतरेपर्यंत तिच्या तोंडाला खळ नसे. तोकुजी वरवर म्हणे, "म्हाताऱ्या बायकोला वाचा फुटली." पण मनातून तो इतका सुखावला होता की सहलीला जाणाऱ्या मुलासारखी त्याला शुक्रवारी रात्री झोपच लागत नसे. आयुष्य कारखान्यात घालवलं, बायको कळायला म्हातारपण यावं लागलं, असं त्याला वाटे. कधी कधी तर त्याचे डोळे भरून येत. पण ते कबूल करायचा त्याचा पिंड नव्हता.

नवी गाडी घ्या असं तिनेच सांगितलं, हे आणखी एक नवल. भेटवस्तूंच्या फिती इस्त्री करून परत वापरणारी बाई ती. तिने माहितीपुस्तक आणलं, त्यातलं एक पान चार-चारदा वाचलं आणि म्हणाली, "हीच घेऊ." जुनी गाडी निइगाताचा एक माणूस घेऊन गेला. ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत तोकुजी रस्त्यावर कमरेत वाकून उभा होता.

पहिल्याच शनिवारी नव्या गाडीने भोंगा वाजवला. पीप, पीप, पीप, आणि स्टीअरिंगचं चाक हातात थरथरलं. डाव्या कडेची पांढरी रेघ ओलांडल्याचं पडद्यावर दिसत होतं.

"कुठे ओलांडली?" तोकुजी तडकला. "रेघ तिकडे, मी इकडे. आंधळी आहे का ही?"

फुसाएने सीटला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि गावाबाहेरच्या पुलापाशी तिला चक्क झोप लागली. बगळा उभा होता. तोकुजीने तो आपणहून बघितला, तिला दाखवावा म्हणून वळला, तर तिचं तोंड किंचित उघडं होतं.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच. गाडी पीप-पीप करी, तोकुजी तिला शिव्या घाली, बायको घोरत असे. त्याचा हिशेब सरळ होता: या भोंग्यामुळे तिचं बोलणं तुटलं. भोंगा गेला की ती बोलेल.

त्याने शोरूम गाठलं. तिथल्या ओगिहारा नावाच्या मेकॅनिकने त्याला बसवलं, हिरवा चहा दिला, गाडी दोन तास तपासली आणि मान तुकवत म्हणाला, "मियाइरीसान, आम्हाला काही सापडलं नाही. आमचंच चुकत असेल. माफ करा."

"सापडत नाही म्हणजे? मी आयुष्यभर तपासणीच केलीय. दोष असतोच, बघणाऱ्याला दिसत नाही."

"अगदी बरोबर," ओगिहारा म्हणाला.

तिसऱ्या खेपेला तोकुजीने त्यालाच चालवायला बसवलं आणि स्वतः डावीकडे, फुसाएच्या जागेवर बसला. ओगिहाराने घाट अर्ध्यापर्यंत चढवला आणि उतरवला. वळणं त्याच वेगाने घेतली. गाडी मांजरीसारखी गप्प. एकदाही पीप नाही.

"बघा," तोकुजी म्हणाला, "तुमच्यासमोर साळसूद बनते."

ओगिहारा पुढे बघत राहिला. त्याला कळलं होतं. तोकुजीलाही कुठेतरी कळलं असावं, कारण परतीच्या वाटेवर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पण वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर असं कसं सांगायचं? ओगिहाराने बराच वेळ शब्द जुळवले. "मियाइरीसान, कधी सवडीने... डोळ्यांची वगैरे... या वयात माझे वडीलसुद्धा दरवर्षी..."

"माझ्या डोळ्यांना केसाएवढी चूक दिसते," तोकुजी म्हणाला. "ते कसं बंद करायचं तेवढं दाखवा."

ओगिहाराने नको म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मग चाकाच्या डाव्या बाजूची एक कळ त्याने बोटाने दाखवली. दाखवताना त्याने इतक्या खाली मान घातली की तोकुजीला त्याचं टक्कल दिसलं.

जूनचा पहिला शनिवार. ऊन कोवळं होतं, टप मागे टाकलेला. निघण्यापूर्वी तोकुजीने ती कळ दाबली आणि फुसाएला काही सांगितलं नाही. तिला गंमत वाटेल, शांततेत आपोआप बोलू लागेल, असा त्याचा बेत. पूल गेला. पीप नाही. सफरचंदांच्या बागा गेल्या. पीप नाही. तोकुजी खूश झाला आणि तिच्या शब्दाची वाट बघू लागला.

फुसाए झोपली होती.

"फुसाए," तो हळूच म्हणाला, "बगळा बघ."

तिच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेने, एक म्हातारी पाठीवर टोपली घेऊन चालली होती. टोपलीत डोंगरातून खुडून आणलेली फुकीची भाजी, लांब देठांची, वर डोकावणारी. तोकुजीला त्या जागी रस्ता दिसत होता, गवत दिसत होतं, ऊन दिसत होतं. म्हातारी दिसत नव्हती.

थप्प असा आवाज झाला.

गाडीचा आरसा टोपलीला लागला होता. म्हातारी गवतात बसकण मारून पडली होती आणि हिरवे देठ रस्ताभर पसरले होते. फुसाए किंचाळून जागी झाली. तोकुजी उतरून धावला, तोवर म्हातारी एका हाताने मनगट धरून दुसऱ्या हाताने भाजी गोळा करायला लागली होती.

"माफ करा हं," ती म्हणत होती. "मीच फार आत चालत होते. तुमच्या नव्या गाडीला काही झालं नाही ना?"

तोकुजी रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि कपाळ डांबराला लावलं.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. मनगटाचं हाड मोडलं होतं, बाकी बाई सुखरूप होती. तरुण पोलिसाने विचारलं, "आजोबा, तुम्हाला त्या दिसल्या नाहीत का?"

"नाही," तोकुजी म्हणाला.

"भोंगा वाजला नाही?" फुसाएने मधेच विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वाजायला हवा होता. तो का नाही वाजला?"

"मी बंद केला."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की पंचेचाळीस वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. "कशाला?"

"तू बोलावंस म्हणून," तोकुजी म्हणाला.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या वाडग्यात बघायला लावलं आणि दिवा दिसला की बटण दाबा म्हणाल्या. तोकुजीने इमानेइतबारे बटण दाबलं. मग त्यांनी कागद पुढे केला. दोन्ही डोळ्यांच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, मोठा काळा डाग. काचबिंदू.

"पण मला काळं काही दिसत नाही," तो म्हणाला. "सगळं भरलेलं दिसतं."

"मेंदू भरून टाकतो," डॉक्टर म्हणाल्या. "आजूबाजूला रस्ता असेल तर तिथेही रस्ताच दाखवतो. गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळू. गाडी मात्र आजपासून नाही."

"हे कधीपासून असेल?"

"एवढं व्हायला बरीच वर्षं लागतात. दोन वर्षांपूर्वी तर नक्कीच होतं." मग त्या फुसाएकडे वळल्या. "तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

फुसाए आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर तिने सांगितलं. त्याला विचारावंही लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी, स्टेशनसमोरच्या चौकात, एक सायकलवाली डावीकडून आली आणि तोकुजी तिच्यावर गाडी घालायला निघाला होता. फुसाएला ओरडायचं होतं, पण तोंडातून निघालं ते "अहो, ती फुलं बघा!" तोकुजीने मान वळवली, सायकल दिसली, ब्रेक लागला. आणि तो हसून म्हणाला होता, "छान आहेत फुलं." तेव्हा तिला उपाय सापडला. डावीकडे कोणी असलं की तिथलंच काहीतरी दाखवायचं. पर्सिमनच्या झाडाखाली पोरं उभी असत. पिवळी छत्री चालत असे. बगळ्याच्या शेजारी मासे पकडणारा बसलेला असे.

"मग सांगितलं का नाहीस?" तोकुजीचा आवाज चढला नाही. चढायला त्यात जोर उरला नव्हता.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी सोडली असतीत. आणि मग दिवसभर भिंतीकडे बघत बसला असता. मला ते बघवलं नसतं." ती थांबली. "नंतर नंतर मला झेपेना हो. डोळे मिटायला भीती वाटायची. म्हणून ते माहितीपुस्तक आणलं. रेघ बघणारी गाडी आहे म्हटल्यावर वाटलं, आता मी सुटले."

तोकुजी ऐकत होता. गाडी गेली, त्याचं दुःख होतंच, आणि ते काही लहान नव्हतं. परवाना सोडण्याचा अर्ज त्याने दुसऱ्याच दिवशी भरून दिला आणि परवाना खिडकीतून आत सरकवला. म्हातारीच्या मनगटाचं दुःख होतं. तिच्या घरी तो मिठाई घेऊन गेला आणि दारातच पुन्हा जमिनीला कपाळ लावून आला. पण या सगळ्याच्या खाली दुसरंच काहीतरी त्याला कुरतडत होतं, आणि ते विचारायचा धीर त्याला शनिवार उजाडेपर्यंत झाला नाही.

त्या दिवशी ओगिहारा येऊन गाडी घेऊन गेला. जाताना, शेजारीपाजारी बघत असतानाही, तो रस्त्यावर कितीतरी वेळ वाकून राहिला. दोघं आत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. फुसाएने चहा ओतला. दहा वाजले होते, एरवी शनिवारी या वेळी दोघं घाटात असत.

"फुसाए," तोकुजी म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या दोन वर्षांत... एखादी तरी गोष्ट... धोका होता म्हणून नाही, नुसती आवडली म्हणून दाखवली होतीस का? एकच चालेल."

फुसाएने चहाची किटली खाली ठेवली. ती खोटं बोलली असती तर त्याने मानलं असतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. पण दोन वर्षं खोटं बोलून ती दमली होती. तिने खरोखर आठवून बघितलं. भुवया जवळ घेऊन, एकेक शनिवार, एकेक वळण. तोकुजी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"नाही हो," शेवटी ती म्हणाली. "रस्ता सोडून मी कधी काही बघितलंच नाही."

तोकुजीने मान हलवली. मग त्याने चहा संपवला, आणि तिने त्याचा पेला उचलून धुवायला नेला.