चॅपलच्या वळणावरचे दोन घोट

या, शेगडीजवळ सरकून बसा. बाहेर धुकं उतरलंय, आणि आमच्या वेल्सच्या डोंगरात धुकं उतरलं की ही गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. खरी मानायची की नाही ते तुम्ही आणि तुमचा देव बघून घ्या.

सतरा वर्षांच्या मॅरेडला समुद्रकाठच्या बेकरीत काम लागलं, आणि गावातली बस तिथं वेळेवर पोचेना. तिनं एलुनेड मावशीच्या शेडमधली फटफटी मागितली. लहानशीच, पण शर्यतीच्या गाडीसारखी पुढं वाकलेली, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी. मावशीचा मुलगा इथेल त्या गाडीवर जीव टाकायचा. गेल्या उन्हाळ्यात तो पायीच तळ्यावर पोहायला गेला आणि परत आला नाही. गाडी शेडमध्येच होती. तरी मावशी दिवस मावळेपर्यंत तिच्या आवाजासाठी कान लावून बसली होती.

"मेलेल्या पोराची गाडी घेतेस?" मॅरेडचा बाप टेकविन म्हणाला. "वर ती लाल शिकाऊ पाटी. म्हातारी मेंढरंसुद्धा तुला मागं टाकतील."

"टाकू देत. तुमच्या त्या व्हॅनला तर कोकरंही मागं टाकतात," मॅरेड म्हणाली.

मावशी चॅपलमध्ये, म्हणजे आमच्या लहानशा चर्चात, गाताना मॅरेडच्या शेजारी उभी राहायची. तिनं गाडी दिली, पण एका अटीवर. "टेकडीच्या माथ्यावर इंजिन बंद करायचं, पोरी. माझ्या दारावरून उतारानं नुसती घरंगळत जा. तो आवाज एकदा जरी माझ्या कानी आला, तर गाडी परत आणून लावायची."

मॅरेडनं शब्द दिला. सुरुवातीला गाडी तिला झेपेना. हँडलची मूठ हळू पिळावी तर कुरकुर, जरा जास्त पिळावी तर अंगात आल्यासारखी उधळायची. हळूहळू जमलं. माथ्यावर मात्र ती न चुकता इंजिनाचं बटण बंद करी, क्लच दाबी आणि वाऱ्याच्या आवाजात खाली येई.

एका दुपारी असंच दाट धुकं होतं. मॅरेड इंजिन बंद करून उतरू लागली, आणि मागून तिच्याच गाडीचा आवाज आला. तसाच कापरा, तसाच चिरका. जळक्या तेलाचा गोडूस वास नाकात शिरला. तिनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा. चॅपलच्या वळणावर त्या आवाजानं दोनदा झटक्यात रेस दिली आणि तो विझला.

मावशी दारात उभी होती. तिनं हात करून गाडी थांबवली.

"शब्द मोडलास, मॅरेड. चावी दे."

"मावशी, बटण बंदच होतं. देवाशपथ. पण मीही ऐकलं. माझ्या मागून आलं ते."

"वळणावर काय ऐकलंस?"

"दोनदा रेस दिली कुणीतरी. मग काही नाही."

मावशी पायरीवरच बसली. बराच वेळ हाताचं पीठ झटकत राहिली.

"उतारावर मूठ पिळली नाही की या इंजिनाला तेल मिळत नाही, असं इथेल म्हणायचा. म्हणून वळणावर दोनदा मूठ पिळून तिला दोन घोट पाजायचा. ते ऐकलं की मी चहाचं पाणी ठेवायची. तुला हे कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. मी तर इंजिन बंद करूनच येते."

"तेच तर. गाडी रोज तहानलेली उतरते, असं वाटत असेल त्याला." मावशीचा आवाज चढू लागला, आमचे पाळक प्रवचनाच्या शेवटी गाऊ लागतात तसा. "तो आवाज बंद करून मी दारच लावून घेतलं गं त्याच्यावर. उद्यापासून चालू गाडीनं ये. वळणावर तू पाज. त्या गारठ्यात त्याला उभं ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी मॅरेड इंजिन चालू ठेवून उतरली. वळणावर तिनं मूठ पिळली. एकदा. दोनदा. खाली मावशीच्या खिडकीत किटलीची वाफ दिसली.

मग मागं, धुक्यात, अगदी हळू, आणखी एकदा रेस दिल्याचा आवाज आला. मॅरेडनं वळून पाहिलं नाही. मावशीनं त्या दिवशी मेजावर तीन कप मांडले, आणि दोघींनी तिसऱ्याकडे न बघता प्रार्थना म्हटली.

तुम्ही कधी आमच्या बाजूला आलात आणि चॅपलच्या त्या वळणावरून उतरलात, तर दोनदा मूठ पिळा, आणि एलुनेडच्या इथेलची आठवण काढा.