गोड घेवड्याची वाटी

ईस्टरआधीचा शुक्रवार उजाडला आणि म्हाताऱ्या तेलेस्फोरोला धडकी भरली. त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर दूध-साखरेत शिजवलेला घेवडा शेजारीपाजारी वाटतं, आणि वाटी परत पाठवणं म्हणजे जन्माचं वैर. शेजारच्या मिंगाचा घेवडा तर इतका गोड, की गेल्या साली त्यावर बसलेली माशी अजून उडालेली नाही. साखरेच्या आजाराने म्हाताऱ्याच्या पायाचा अंगठा आधीच नेला होता. गोळ्या तो आठवेल तेव्हा घ्यायचा, आणि आता डॉक्टर पाऊल कापायचं म्हणत होते.

दार वाजलं. तो पलंगामागे लपला.

"तेलेस्फोरोदादा, पाय दिसतोय तुमचा!" मिंगा ओरडली. तिच्यामागे अख्खी गल्ली, प्रत्येकाच्या हातात झाकलेली वाटी.

म्हातारा पलंगामागून बाहेर आला. त्याने मिंगाच्या वाटीवरचं झाकण उचललं आणि जिभेवर एक दाणा ठेवला. मीठ आणि लसूण!

"आणि बाकीच्या वाट्या?" त्याने विचारलं.

"सगळ्या तशाच. यंदा गल्लीत कुणी साखर घातली नाही. पोरं तुमच्या नावाने खडे फोडतायत. आता खा, आणि माझ्यासमोर गोळी गिळा. उद्या गोळी द्यायला गल्लीतली चेवा येईल. ती तोंड उघडायला लावून बघते, गोळी गिळली का ते."

त्याने गोळी गिळली. पाऊल वाचेल असं आता वाटत होतं. भीती उरली ती चेवाची.